डोकं गेलेला बोल्ट

जगात अचूक माणसं दोनच. एक आपण स्वतः, आणि दुसरा अजून भेटायचाय! मापसाहेबांचं हे प्रामाणिक मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत.

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की तराजूलाही घाम फुटायचा. बरं, हे ऑफिसपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण घरीसुद्धा चहातली साखर, बादलीतलं पाणी, आत्याच्या खोकल्याचं औषध, सगळं डोळ्यांसमोर धरून "हे जरा कमी वाटतंय" म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून घरात सगळे त्यांना मापसाहेब म्हणायचे. हा टोमणा आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना तो किताब वाटे.

त्यांची बायको घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करायची. इतकी वर्षं ती मापसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून पेशंटकडे जात होती. म्हणजे जायला निघत होती. वाटेत पेट्रोल पंप लागला की मापसाहेब उतरत, पंपवाल्याशी मापावरून वाद घालत, आणि ती पोहोचेपर्यंत पेशंटचा मोकळा झालेला गुडघा परत आखडलेला असे. शेवटी एक दिवस तिने कुणालाही न विचारता मोटारसायकल चालवायला शिकून घेतली. ज्या वयात बायका जिना चढताना कठडा धरायला लागतात, त्या वयात तिने स्वतःच्या कमाईची काळीभोर, झळझळीत मोटारसायकल दारात आणून उभी केली!

गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. रोज सकाळी ती मऊ फडक्याने गाडी पुसायची. नवऱ्याकडे इतक्या मायेने तिने शेवटचं कधी पाहिलं होतं, हे दोघांनाही आठवत नसावं. तिची अट एकच होती.

"हिला हात लावायचा नाही. कौतुक करायचंय ना? लांबून करा."

आता मापसाहेबांना हात लावायची हौस नव्हती. त्यांना फक्त संशय होता. गाडीची पहिली सर्व्हिसिंग नुकतीच झाली होती आणि सर्व्हिसिंगवाल्यांनी इंजिनात तेल कमी घातलंय, अशी त्यांची पक्की खात्री होती. पुरावा? पुरावा असा की त्या लोकांनी त्यांना तेल घालताना जवळ उभं राहू दिलं नव्हतं. अपराध्याशिवाय असं कोण करेल!

तेव्हा ज्या सुट्टीच्या दिवशी बायको सहकारिणीच्या गाडीतून कुठल्याशा शिबिराला गेली, त्या दिवशी मापसाहेबांनी बेत पक्का केला. इंजिनाखालचा बोल्ट काढायचा, तेल मापात घ्यायचं, मोजायचं, परत ओतायचं, बोल्ट लावायचा. चहा होईपर्यंत काम खलास! संध्याकाळी बायकोसमोर आकडा ठेवायचा आणि तिचे डोळे पाणावताना पाहायचे.

एकच अडचण होती. आत्या. मापसाहेबांची ही आत्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वरच्या खोलीत पलंगावर होती. उठायची मनाई. पण पलंग खिडकीशी, खिडकी मागच्या शेडवर, आणि आत्याचे कान असे की शेजारच्यांच्या घरी फोडणी पडली तर मोहरी कमी पडली का जास्त ते ती सांगे. त्यातून ती भाच्याची कमी आणि सूनबाईची जास्त. घरातली बातमी आधी सूनबाईला पोहोचायची, मग घडायची.

"आत्या, मी शेड आवरतोय गं!" मापसाहेबांनी खालून आवाज दिला.

"तू? आवरतोयस?" वरून उत्तर आलं. "बरं वाटतंय ना तुला?"

मापसाहेबांनी शेडचं दार आतून लावून घेतलं. या गाडीला मधला स्टँड नव्हता, नुसता बाजूचा. तिरक्या गाडीतून तेल पूर्ण निघणार नाही, आणि मापसाहेबांना तर शेवटचा थेंब हवा होता. म्हणून त्यांनी छताच्या लोखंडी दांड्याला दोर टाकून गाडी सरळ बांधली. नवी कोरी मोटारसायकल आता दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी दिसत होती, पण मापसाहेब खूश होते. खाली सतरंजी टाकून ते पाठीवर आडवे झाले आणि सरकत गाडीच्या पोटाखाली गेले.

समोरच एक बोल्ट होता. सहा कडांचा, चकचकीत, जणू त्यांचीच वाट बघत असलेला. मापसाहेबांनी पाना लावला. पाना थोडा सैल बसला. दुसऱ्या कुणी असा पाना लावला असता तर त्याच्यावर त्यांनी खटला भरला असता. पण स्वतःच्या हातात असला की पाना बरोबरच असतो! त्यांनी जोर लावला. बोल्ट हलला नाही. आणखी जोर लावला. कर्रर्र! पाना फिरला आणि त्यांची बोटं इंजिनावर आपटली. बोल्ट मात्र जागच्या जागी. आडवं पडलं की उजवं-डावं उलटं होतं, आणि आपण बोल्ट सोडवत नसून आवळतोय, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

मग त्यांनी पक्कड घेतली. मग मोठी पक्कड घेतली. मग छिन्नी लावून वर हातोडीने ठोकलं. थोड्या वेळात त्या सहा कडांच्या डोक्याची एकही कड शिल्लक राहिली नाही. बोल्टाचं डोकं बोरासारखं गोल आणि गुळगुळीत झालं होतं.

आता मात्र मापसाहेबांना घाम फुटला. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो दातांचा डॉक्टर होता. बोल्टासाठी दातांचा डॉक्टर कशाला, असं तुम्ही विचाराल. पण ज्याला फोन करायचा तो बायकोचा भाऊ असूनही बायकोला सांगणार नाही, असा माणूस जगात दुसरा नव्हता. लहानपणापासून तो ताईला मापसाहेबांपेक्षाही जास्त घाबरायचा.

"अरे, त्याचं डोकं गेलंय!" मापसाहेब फोनवर कुजबुजले. कुजबुजले म्हणजे त्यांच्या मते. वर आत्याने उशी सरळ केली.

"कुणाचं, दाजी?"

"कुणाचं काय! ताईच्या मोटारसायकलखाली आहे ना, त्याचं! पार चेपलंय. किती ठोकलं, पण मेला सुटत नाही. ताई यायच्या आत याचा निकाल लावायला हवा. तू ये, आणि येताना तुझी हत्यारं घेऊन ये!"

वर आत्या ताडकन उठून बसली. ऑपरेशननंतर ती प्रथमच कुणाच्या मदतीशिवाय उठली, पण त्या क्षणी या प्रगतीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिचंसुद्धा.

थोड्याच वेळात मेहुणा आला. क्लिनिकमधून तसाच निघाल्यामुळे अंगात पांढरा कोट, तोंडावर मास्क, हातात चामडी बॅग. तो चोरपावलांनी शेडकडे पळताना आत्याने खिडकीतून पाहिला आणि तोंडावर पदर धरला.

शेडमध्ये मेहुण्याने गाडीखाली वाकून पाहिलं. त्याचे डोळे चमकले. तोंड न उघडणारे, ओरडणारे, चावणारे पेशंट हाताळून तो कंटाळला होता. हा पेशंट गप्प होता.

"दाजी, घाबरू नका. डोकं गेलं तरी धड शाबूत आहे. हे असलं मी रोज काढतो. आधी हलवायचं, मग पिळायचं, मग एक झटका!"

"हळू बोल! आत्या वर आहे."

"आधी ड्रिल मारू का? थोडं पोखरलं की पकड बसते."

"पोखर! पण जपून. आतून गळायला लागलं तर भांडं कुठंय बघ. एक थेंब सांडता कामा नये!"

बारीक ड्रिलचा किंऽऽऽ आवाज सुरू झाला. वर आत्याने आधी सूनबाईला फोन लावला.

"सूनबाई, घात झाला! तुझ्या नवऱ्याने तुझ्या गाडीखाली कुणाला तरी घेतलंय! शेडमध्ये कोंडून ठेवलाय. तुझा भाऊ आलाय, डोक्याला ड्रिल मारतोय!"

"आत्याबाई, तुम्ही औषध घेतलंत का?"

"औषध घेतलंय, आणि तेही कमी नाही घेतलेलं! तू आधी घरी ये!"

सूनबाईने नवऱ्याला फोन केला. नवऱ्याने उचलला नाही. भावाला केला. भावाने तर पडद्यावर ताईचं नाव बघून फोनच बंद केला. मग मात्र तिने सहकारिणीला गाडी काढायला लावली. नवऱ्याचं ठीक होतं, तो नेहमीच उचलत नसे. पण भाऊ फोन बंद करतो म्हणजे काहीतरी भयंकर केलंय, हे ती तो रांगत होता तेव्हापासून ओळखून होती!

आत्याने दुसरा फोन पोलिसांना केला.

इकडे दाताचं ड्रिल लोखंडाला लागून बोथट झालं होतं. मेहुण्याने आपलं शेवटचं अस्त्र काढलं. दातावर टोपी बसवायचं सिमेंट!

"दाजी, गोल डोक्यावर हे लावू, वर पाना चिकटवू. वाळलं की पाना आणि बोल्ट एकच! मग फिरवायचं. माझी टोपी लोक मरेपर्यंत निघत नाही."

बेत उत्तम होता. मेहुण्याने सिमेंट लावलं, मापसाहेबांनी पाना बसवला आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरला. सिमेंट झकास वाळलं. पाना पक्का बसला. मापसाहेब हात काढायला गेले तो अंगठाही पक्का बसला होता!

"अरे, माझा अंगठा!"

"हलवू नका, दाजी!"

"हलतच नाही तर हलवू कसा!"

नेमकी तेव्हाच शेडच्या दारावर थाप पडली. "दार उघडा! पोलीस!"

मेहुण्याच्या हातून चिमटा पडला. त्याने दार उघडलं. बाहेर एक भरदार मिशीचे हवालदार उभे होते. त्यांना दिसलं ते असं: मास्क लावलेला एक डॉक्टर, पायाशी ड्रिल. मागे दोराने टांगलेली मोटारसायकल. तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. ते पाय झटके देत होते.

"हा अजून जिवंत आहे!" हवालदार ओरडले.

"हो, हो, जिवंत आहे!" पाय म्हणाले. "कोण आलंय?"

हवालदारांनी कमरेवर हात ठेवले. "गाडीखाली कोण सापडलंय?"

"मी!"

"तुम्ही नाही. तुम्ही ज्याला दडवलंय तो. तक्रार आलीय."

मापसाहेबांना वाटलं, बायकोने थेट पोलिसांतच तक्रार केली! त्यांचा आवाज रडवेला झाला.

"साहेब, चूक झाली. मी त्याला फक्त सैल करणार होतो. तो ऐकेचना, म्हणून मारलं."

"कशाने मारलं?"

"आधी पक्कड. मग छिन्नी लावून हातोडीने."

हवालदारांनी डायरी उघडली. "नाव काय त्याचं?"

"बोल्ट."

"परदेशी माणूस?" हवालदारांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, मग हे प्रकरण वरपर्यंत जाणार! कुठल्या देशाचा? पूर्ण नाव सांगा!"

"साहेब, बोल्ट! लोखंडाचा! गाडीचा!"

हवालदारांनी डायरी मिटून खिशात ठेवली. मग ते गुडघ्यावर बसले, वाकून गाडीखाली पाहिलं. गोल डोक्याचा एक बोल्ट, त्याला चिकटलेला पाना, पान्याला चिकटलेला एक सरकारी अधिकारी.

"बाहेर या," ते थकलेल्या आवाजात म्हणाले.

"येता येत नाही."

"डॉक्टर, तुम्ही एक पाय धरा."

"अहो, थांबा! अंगठा निघेल!" मापसाहेब किंचाळले. पण सरकारी काम थांबवून ठेवायची सवय हवालदारांना नव्हती, निदान त्या दिवशी तरी नव्हती. दोघांनी दोन पाय धरले, एक, दोन, तीन म्हटलं आणि ओढलं. कड्डाक! मापसाहेब सतरंजीसकट दारापर्यंत आले. अंगठा शाबूत होता. अंगठ्याला पाना होता. आणि पान्याच्या टोकाला बोल्टाचं डोकं होतं.

"तुटलं! डोकंच तुटलं!" मेहुणा ओरडला.

वरून आत्याचा हंबरडा ऐकू आला. आणि फाटकातून धापा टाकत बायको आत शिरली.

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग भावाकडे, हवालदारांकडे. मग शेडचा कोपरा न् कोपरा पाहिला. कुठेही प्रेत नव्हतं. ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली.

"कुणी मेलं नाही?"

"नाही गं," मापसाहेब पान्यासकट हात हलवत म्हणाले. "कुणीसुद्धा नाही!"

"सगळ्या रस्त्याने मी ठरवत आले," ती म्हणाली. "तुम्ही तुरुंगात गेल्यावर भेटायला कुठल्या दिवशी यायचं ते. पेशंट कुणावर सोपवायचे ते. वकिलाला काय सांगायचं ते. म्हटलं, सांगायचं की माणूस वाईट नाही हो, फक्त त्याला सगळं कमी वाटतं." तिने पदराने डोळे पुसले. इतक्या वर्षांत बायको त्यांच्यासाठी अशी रडली नव्हती. ते पुढे झाले.

तेवढ्यात तिची नजर दोराने बांधलेल्या गाडीवर गेली, आणि मापसाहेब होते तिथेच थांबले.

"ही टांगलीत कशाला?"

"तेल मोजायला," मापसाहेब म्हणाले. स्वतःच्या कानांनाही ते वाक्य जरा कमी वाटलं. "त्यांनी तेल कमी घातलंय."

बायको उठली, गाडीजवळ गेली, वाकली. "तेलाचा बोल्ट हा. इथे, पलीकडे. शेजारी थेंबाचं चित्रही कोरलंय. गाडी घेतली तेव्हाच दाखवला होता मला त्यांनी."

"मग आम्ही काढत होतो तो?" मेहुण्याने विचारलं. ताईशी बोलण्याचं धाडस त्याने त्या दिवसात प्रथमच केलं आणि लगेच त्याला पश्चात्ताप झाला.

तिने भावाला बाजूला सारलं. दोर सोडला. गाडी ढकलत अंगणात आणली, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली! बायकोच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. मापसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. हवालदारांनी टोपी नीट केली. बायकोने गाडी बंद केली, सवयीने पायाने बाजूचा स्टँड खाली केला आणि ती उतरली.

स्टँड खण्णकन जमिनीवर पडला. नुसता स्टँड. त्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टाचं डोकं मापसाहेबांच्या अंगठ्याला होतं.

गाडी सावकाश, अगदी सावकाश कलायला लागली. मापसाहेबांनी झेप घेतली. आयुष्यात त्यांनी इतक्या चपळाईने काही केलं नव्हतं. हँडल त्यांच्या पोटात बसलं, पण गाडी त्यांनी धरली. ओरखडाही उठू दिला नाही!

"धरलीय!" ते विजयाने ओरडले.

"छान," बायको म्हणाली. "सोडू नका."

हवालदारांनी आत्याला खिडकीखालून ओरडून सगळा प्रकार समजावला. ते ऐकून तिने फक्त "म्हणजे कुणीच नाही?" असं विचारलं. सुरात किंचित निराशा होती. मेहुण्याने दाजींचा अंगठा सोडवला, सिमेंटचं कौतुक केलं आणि ताईकडे न बघता मागच्या मागे पळ काढला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवाल्याने गाडी पाहिली. आत अडकलेलं बोल्टाचं धड त्याने काढून दिलं, पण छिन्नीच्या घावांनी स्टँडची पट्टीही चेपली होती. तो भाग मागवावा लागणार होता. "येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. "तोवर गाडी चालवा खुशाल. फक्त उभी करू नका."

"पेशंटकडे गेल्यावर भिंतीला टेकवत जा," मापसाहेबांनी सुचवलं.

"भिंतीला ओरखडे उठतात," बायको म्हणाली. "तुम्हाला उठत नाहीत."

झालं! मापसाहेबांनी रजा टाकली. रोज सकाळी ते बायकोच्या मागे बसून निघत. पेशंटचं घर आलं की उतरून हँडल धरत. ती बॅग घेऊन आत जाई आणि हे रस्त्याच्या कडेला गाडी धरून उभे. कधी उजव्या कुशीने, कधी डाव्या. आतून पेशंटचं कण्हणं ऐकू येई, बाहेर यांचं. एकदा बायको परत येताना म्हणाली, "खांदा आखडलाय का हो? घरी गेल्यावर बघू." मापसाहेबांना एवढं बरं वाटलं की पुढच्या घरी त्यांनी गाडी एका हाताने धरून दाखवली.

तिथेच तो तरुण आला. मोठ्या घाईत होता. त्याने आपली मोटारसायकल मापसाहेबांच्या शेजारी आणून थांबवली, गाडी धरून शांतपणे उभ्या असलेल्या या प्रौढ गृहस्थांकडे पाहिलं आणि खाली उतरला.

"काका, पार्किंग तुमच्याकडेच ना? माझा स्टँड जरा कुरकुरतोय. आलोच मी!"

"अहो, मी निरीक्षक..." मापसाहेबांनी सुरुवात केली. पण तोवर दुसरं हँडल त्यांच्याकडे झुकलं होतं, मालक दिसेनासा झाला होता, आणि एक हात तसाही रिकामा होता.

त्यांनी तीही धरली.